विंचू, मेंदू आणि पायाखालची जमीन

(चिपळूण तालुक्यातील कार्यकर्ता शिबिरात आरोग्याच्या सत्रात झालेलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्यातली वाक्यं बहुतेक तशीच ठेवली आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाडीवर बसून वाचून दाखवावं.)



मला सांगितलंय की डॉक्टरी शास्त्रात नवीन काय काय सापडलं ते अर्ध्या तासात सांग. आता शास्त्रात रोज काहीतरी सापडतं. ते सगळं मला माहीत नाही आणि त्यातलं पुष्कळसं आपल्या उपयोगाचंही नाही. मी तेवढंच आणलंय जे आपल्या जमिनीच्या कामाला येऊन भिडतं. त्यातलं काही जुनं आहे. पण वाडीवर पोचलेलं नाही, म्हणजे आपल्यासाठी नवंच.

विंचवापासून सुरू करते. कारण ते संशोधन मुंबईत नाही, अमेरिकेत नाही, इथून हायवेने वर गेलं की महाड लागतं ना, तिथे झालं.

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर नोकरीला आला. जालन्याकडच्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा. इथे आल्यावर त्याने बघितलं, लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं, लहान पोरं, बघता बघता मरतात. पुस्तकात यावर नीट उपाय लिहिलेला नव्हता. तेव्हा दवाखान्यात आलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. या डॉक्टरने काय केलं, तर रुग्णाच्या खाटेपाशी बसून राहिला. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, सगळं लिहीत गेला. मोठं यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. त्या नोंदींवरून १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा लेख आला : कुठली लक्षणं दिसली की हा रुग्ण आता धोक्यात जाणार हे ओळखायचं.

ती लक्षणं तुम्ही पाठ करा, म्हणून सावकाश सांगते. उलटी. दरदरून घाम. हातपाय बर्फासारखे गार. आणि पुरुषाच्या, मुलग्याच्या लघवीच्या जागी आपोआप ताठरपणा. हसू नका, मावशी. हे न लाजता सांगायचं, कारण लहान मुलाच्या बाबतीत पहिलं तेच डोळ्याला दिसू शकतं. पुढे खोकला, धाप आणि तोंडातून लालसर फेस आला म्हणजे फुप्फुसात पाणी भरलं.

असं का होतं? आपल्या अंगात मज्जातंतू आहेत, म्हणजे निरोप नेणाऱ्या तारा समजा. त्या तारांना बारीक बारीक दारं असतात. मिठात सोडियम असतं, ते या दारातून आत येतं, निरोप पुढे जातो, दार लगेच मिटतं. लाल विंचवाचं विष त्या दाराला पाचर मारतं. दार मिटतच नाही. तार सारखी वाजत राहते. वाघ समोर आला की जे अंगात होतं, छाती धडधडणं, घाम, हातपाय गार, तेच होतं, पण वाघ जातच नाही. रक्ताच्या नळ्या आवळून बसतात आणि काळीज त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलून ढकलून थकतं.

हे कळल्यावर उपाय शोधायचा तो नळ्या सैल करण्याचा. आधी शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचं एक औषध वापरून बघितलं. ते चालतं, पण त्याला सारखं कोणीतरी खाटेशी बसून रक्तदाब बघायला लागतं. मग प्राझोसिन नावाची गोळी सापडली. ती विंचवासाठी बनवलेलीच नव्हती, रक्तदाबाची साधी तोंडाने घ्यायची गोळी. १९८६ साली डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. ही गोळी आल्यावर शंभरात पंचवीस-तीस मरत होते ते एकाच्या आसपास आले. मंडळी, तीसावरून एक. इतकी उतरण दाखवणारं औषध शास्त्रात फार वेळा सापडत नाही, आणि हे सापडलं कोकणातल्या तालुक्याच्या गावात.

पुढे त्यांनी महाडमध्येच आणखी एक अभ्यास केला. गंभीर दंशाचे ७० रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले, म्हणजे डॉक्टरच्या मर्जीने कोण कुठे हे ठरू नये. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि विंचवाची लस दोन्ही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले नुसत्या गोळीच्या गटात ८, दोन्ही दिलेल्या गटात ३२. हा अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. म्हणजे दवाखान्यात गोळीही पाहिजे आणि लसही पाहिजे.

(शिबिरातून एका मावशींचा प्रश्न : मग भगताकडे न्यायचं नाय काय?)

हा प्रश्न यायलाच पाहिजे होता. असं बघा. बहुतेक विंचू चावतात तेव्हा नुसती कळ येते. प्रचंड येते, माणूस लोळतो, पण दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप उतरते. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचं विष लाल विंचवाइतकं जहाल नाही. म्हणून भगताने मंतरलं की दहातले बरेच बरे होतात, आणि भगत खोटं बोलत नसतो, त्यालाही तसंच दिसतं. घोटाळा कुठे होतो? आपण कळ मोजतो. कळ उतरली म्हणजे विष उतरलं असं धरतो. या संशोधनाने नेमकं उलट सांगितलं. ज्याला खूप कळ आहे आणि बाकी काही नाही, तो बहुधा वाचणारा. ज्याला कळ फारशी नाही पण घाम सुटलाय, हात गार पडलेत, उलटी झालीय, तो मरणाच्या वाटेवर आहे. भगताला हे आपण सांगू या. आमच्या ओळखीचे एक भगतबाबा आता आधी हात लावून बघतात. गार लागला की म्हणतात, माझं काम नाही, उचला.

एक इशारा देऊन ठेवते. गोळी चांगली आहे म्हणून घरात आणून ठेवायची आणि कोणीही द्यायची, असं करू नका. तिने रक्तदाब एकदम पडतो. गोळी दिलेला माणूस आडवाच ठेवावा लागतो, उठवून बसवला तर चक्कर येऊन पडेल. ती डॉक्टरच्या नजरेखालीच. आणि चावल्या जागी कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून दोरी बांधायची नाही.

आता माझा प्रश्न. औषध सापडून इतकी वर्षं झाली. स्वस्त आहे. मग आपल्या वाडीवर माणूस अजून का मरतो?

इथे ती बाई बसली आहे, तिच्या परवानगीने सांगते, नाव घेत नाही. तिचा मुलगा रात्री सरपण काढायला गेला. लाकडांत हात घातला आणि चावला. कळ थोडी होती, उतरली, सगळे झोपले. पहाटे अंग गार. वाडीपर्यंत गाडी येत नाही, कारण रस्ता जमीनमालकाच्या कुंपणापाशी संपतो. कुंपणापासून वाडी पायवाटेने. गोधडीची झोळी करून चौघांनी उतरवला. डांबरी लागेपर्यंत तोंडाला फेस आला होता. आता या मरणाचं कारण काय लिहायचं? दाखल्यावर विंचू लिहितील. मी म्हणते, विंचवाबरोबर कुंपणही लिहा.

घराचंही तेच. कुडाच्या भिंती, वर पेंढा, जोत्याचे चिरे सुटे, फटी तशाच. विंचवाला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. लोक म्हणतात, कातकऱ्याला पक्क्या घराची हौसच नाही. अरे, ज्या जागेवरून उद्या उठ म्हणतील तिथे सिमेंट कोण ओतेल? जोतं बांधायला घेतलं की मालकाचा माणूस दुसऱ्या दिवशी हजर होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि इथे मला मेक्सिकोतला एक अभ्यास सांगायचा आहे. मेक्सिको म्हणजे अमेरिकेच्या खालचा देश. तिथल्या एका राज्याच्या सरकारने गरिबांच्या घरात मातीच्या जमिनीवर सिमेंट घालून दिलं. बाकी काही नाही, फक्त जमीन. टोरेऑन नावाच्या शहरात हे झालं. त्याला लागूनच दोन शहरं आहेत, पण ती दुसऱ्या राज्यात, तिथे नाही झालं. लोक सारखेच, हवा सारखीच. मग संशोधकांनी दोन्हीकडची पोरं तपासली. २००९ साली निष्कर्ष छापले. जिथे घरभर सिमेंट झालं तिथे लहान मुलांच्या पोटातले जंत ७८ टक्क्यांनी कमी, जुलाब ४९ टक्क्यांनी कमी, अंगात रक्त कमी असणं ८१ टक्क्यांनी कमी. हे एकवेळ समजतं. पण त्या पोरांची समज, बोलणं, शब्द ओळखणं, यातही मोठी सुधारणा दिसली. पोटात जंत नाहीत, अंगात रक्त आहे, तर मेंदू वाढतो. आणि त्यांच्या आया आधीपेक्षा कमी उदास होत्या.

आमच्या शेणाने सारवलेल्या जमिनीला मी नावं ठेवत नाही. सारवलेली जमीन थंड असते, माझीही तशीच आहे. पण ती रोज निगा मागते, आणि भट्टीवर गेलेल्या बाईने सहा महिने ती कधी सारवायची?

मराठीत घराच्या तळालाही जमीन म्हणतात आणि सातबाऱ्यावरच्या रानालाही जमीन म्हणतात. शास्त्रवाल्यांनी वरची जमीन तपासली. ती कोणाच्या नावावरच्या जमिनीवर बसली आहे, हा प्रश्न त्यांचा नव्हता. तो आपला आहे.

आता मेंदूचा विषय निघालाच आहे. शाळेत, बँकेत, ऑफिसात आपल्याबद्दल काय बोलतात ते तुम्ही ऐकलंय. ‘यांना पुढचं कळतच नाही. आजचं आज खातात. उचल घेतात आणि फसतात.’ म्हणजे दोष डोक्यात. २०१३ साली ‘सायन्स’ नावाच्या मोठ्या नियतकालिकात एक अभ्यास आला. तमिळनाडूत ५४ गावांतले ४६४ ऊस शेतकरी घेतले. ऊसवाल्याला पैसा वर्षातून एकदा मिळतो. म्हणून तोच माणूस तोडणीआधी तंगीत असतो आणि तोडणीनंतर बऱ्यापैकी. त्याच माणसाला दोन्ही वेळा सारखी डोकं चालवायची कोडी घातली. तोडणीआधी त्याला जास्त चुकलं, जास्त वेळ लागला. तोडणीनंतर तोच माणूस हुशार झाला! माणूस बदलला नाही, डोक्यावरचं ओझं उतरलं. पैशाची विवंचना डोक्यातली जागा खाते, असं त्या संशोधकांचं म्हणणं.

यावर सगळ्यांचं एकमत आहे असं समजू नका. २०१६ साली अमेरिकेत पगाराच्या आधी आणि पगारानंतर असंच तपासलं, तर डोकं चालवण्यात काही फरक मिळाला नाही. मला विचाराल तर पगाराच्या चार दिवसांची तंगी आणि वर्षाची तंगी एक नव्हे. पण एवढं नक्की, की तंगीतल्या माणसाने घेतलेल्या निर्णयावरून त्याची अक्कल मोजायची नसते. आपल्याकडे उचल कधी देतात? भर पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा. भट्टीच्या मुकादमाला हे शास्त्र कोणी शिकवलेलं नाही, त्याला ते आधीपासून पाठ आहे. म्हणून मी वाडीवर सांगत असते, कुठल्याही कागदावर अंगठा गणपतीच्या आधी द्यायचा नाही. जमिनीचा कागद असेल तर नाहीच नाही. दोन दिवस थांब म्हणायचं आणि चौघांना वाचून घ्यायचा.

आता मरणं मोजण्याबद्दल. सर्पदंशाने देशात किती मरतात याचा सरकारी दवाखान्यांचा आकडा लहान असायचा. मग काही संशोधकांनी दवाखान्याची वही बाजूला ठेवली आणि देशभर लाखो घरांत जाऊन विचारलं : तुमच्याकडे कोण वारलं, कसं वारलं? २०२० साली त्यांचा आकडा आला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत बारा लाख माणसं, वर्षाला सरासरी ५८,०००. निम्मी मरणं जून ते सप्टेंबर. त्याआधीच्या त्यांच्याच अभ्यासात दिसलं होतं की साप चावून मेलेल्यांतले चौघांतले तिघे दवाखान्यात मेलेच नाहीत. मग दवाखान्याच्या वहीत येतील कसे? आपल्याकडे फुरसं आहे, घोणस आहे, नाग आहे, मण्यार आहे. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते आणि जागही येत नाही, सकाळी पोटात दुखतं म्हणून उठतो. पुन्हा जमीनच.

जाता जाता एक सांगते, कारण मला त्याचा अभिमान वाटतो. सापाची लस बनवायला सापाचंच विष लागतं. देशातल्या लशीसाठी ते विष मोठ्या प्रमाणात कोण काढून देतं? तमिळनाडूतले इरुला आदिवासी. चेन्नईजवळ १९७८ पासून त्यांची सहकारी सोसायटी आहे. साप पकडतात, विष काढतात, साप परत सोडतात. तर आदिवासींना औषधातलं काय कळतं असं कोणी म्हटलं की हे सांगा.

२०१८ साली आदिवासी आरोग्यावरच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आला. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग अध्यक्ष होते. त्यात एक गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी फार महत्त्वाची आहे. देशात आदिवासी बहुसंख्य असलेले ८०९ तालुके आहेत, आणि निम्म्याहून जास्त आदिवासी त्या तालुक्यांच्या बाहेर राहतात. आपल्यासारखे. रत्नागिरी जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. गावात दोनशे घरं इतरांची, वीस आमची, तीही गावाबाहेर. आदिवासींसाठीची योजना आदिवासी भागात जाते, आणि आपण भागात मोडत नाही. आपलं मरण गावाच्या सरासरीत विरघळून जातं.

म्हणून मोजायला आपणच लागलं पाहिजे. प्रत्येक वाडीने एक वही करावी. तारीख, कोणाला काय चावलं, किती वाजता, कुठे, अंगणात की रानात की भट्टीवर, दवाखान्यात पोचायला किती वेळ, तिथे गोळी किंवा लस मिळाली का, माणसाचं काय झालं. बावस्करांनी खाटेपाशी बसून केलं तेच, आपण वाडीत बसून. आम्ही एकदा एका आरोग्य केंद्रात प्राझोसिन आहे का म्हणून विचारायला गेलो. उत्तर मिळालं, संपली आहे, तशी मागणी येत नाही. मागणी वहीतून येते.

या वहीचा जमिनीच्या कामातही उपयोग होईल. वनहक्क कायद्यात वनजमिनीवर कसण्याचा हक्क आहे तसा राहण्याचाही आहे. लोक घर विसरतात आणि फक्त शेताचा दावा भरतात. ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पाहिजे, आणि नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. सरकारी कागद, घर-झोपडीच्या खुणा, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. एकाहून जास्त पुरावे लागतात. तर २००५ च्या आधीचा सरकारी दवाखान्याचा केसपेपर कोणाच्या पेटीत असेल आणि त्यावर वाडीचं नाव असेल, तर तो फेकू नका, दाव्याला जोडा. केसपेपर हा शब्द त्या यादीत नाही, पण सरकारी नोंद म्हणून तो पुढे करायला काय हरकत आहे? आणि यापुढे केसपेपर काढताना पत्त्यात नुसतं महसुली गाव सांगू नका. आदिवासीवाडी असं लिहून घ्या.

त्याच कायद्याचं कलम ३ (२) वाचा. दवाखाना, रस्ता, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, विजेच्या तारा यांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर. ‘जंगल खात्याची जागा आहे म्हणून रस्ता नाही’ असं पुन्हा कोणी म्हटलं की हे कलम काढून दाखवायचं.

पण आपल्याकडच्या कितीतरी वाड्या वनजमिनीवर नाहीत, खाजगी जागेत आहेत. जुन्या खोतांच्या, आता ज्याच्या त्याच्या नावावर. तिथे वनहक्क कायदा चालत नाही. तिथे कूळ कायद्यातली राहत्या घराची कलमं बघायची. त्यात शेतमजुराच्या घराखालच्या जागेचाही विचार केलेला आहे, आणि आपल्यातल्या जाणत्या कार्यकर्त्यांनाही हे ठाऊक नसतं. वकील ताई दुपारी यावरच बोलणार आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरात पीएम-जनमन योजना सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातले कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड येतात. घर आहे, रस्ता आहे, फिरता दवाखाना आहे. घराचे पैसे येतील, पण घर बांधायचं कोणाच्या जागेत, तिथेच ते अडतं. म्हणून घरकुलाचा अर्ज आणि जागेचा अर्ज एकाच दिवशी, एकाच मोर्चाने द्यायचे.

(शिबिरातून प्रश्न : भट्टीवर असलो आणि चावलं तर?)

जायच्या आधी त्या गावाचं नाव, तिथलं जवळचं सरकारी इस्पितळ आणि १०८ हा नंबर लिहून घ्या. तिथे गेल्यावर मुकादमाला पहिल्या दिवशी विचारा, रात्री गाडी कोण काढणार. चौघांच्या देखत विचारा. झोपायच्या आधी अंथरूण झटकायचं, चपला उलट्या करून बघायच्या, विटांच्या थप्पीत अंधारात हात घालायचा नाही. जमलं तर पोराला खाटेवर निजवा.

माझा वेळ संपला असं समोरून खुणावतायत. वहीचे आखलेले कागद मागच्या टेबलावर आहेत, वाडीमागे एक घ्या. पाऊस पडायच्या आधी आपापल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारून यायचं आहे : प्राझोसिन किती, विंचवाची लस किती, सापाची लस किती, रात्री डॉक्टर कोण. उत्तर तोंडी नको, लेखी मागा, आणि नाही दिलं तर ‘उत्तर दिलं नाही’ असं तारखेसह लिहून आणा. जूनच्या बैठकीत सगळ्या वाड्यांचे कागद एकत्र करून जिल्हा परिषदेत जायचं ठरलंय. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आठवी-नववीतली पोर बरोबर घ्यावी.